शेरी फिनिश (व्हिस्की)

शेरी फिनिश ही सिंगल माल्ट व्हिस्की मुरवण्याची एक पद्धत आहे. या पद्धतीत व्हिस्की आधी अनेक वर्षे साध्या, बहुधा अमेरिकन बर्बनसाठी वापरून झालेल्या ओकच्या पिंपात मुरते आणि शेवटचे काही महिने किंवा वर्षे तिला शेरी या स्पॅनिश वाइनने भिजलेल्या पिंपात ठेवले जाते. या अखेरच्या मुक्कामात तिला मनुका, सुके अंजीर, अक्रोड, संत्र्याची साल आणि दालचिनी-लवंगेसारख्या मसाल्यांची छटा येते व रंग गडद होतो. शेरी पिंपे महाग असल्याने संपूर्ण काळ त्यांत मुरवलेली व्हिस्की सामान्य ग्राहकाच्या आवाक्याबाहेर गेली आहे. तिच्या चवीशी जवळीक साधणारा स्वस्त पर्याय म्हणून शेरी फिनिश व्हिस्की लोकप्रिय झाली. बाटलीवरील ‘शेरी’ या शब्दाने मात्र पिंप कोणते, कितव्यांदा वापरलेले आणि व्हिस्की त्यात किती काळ होती यांपैकी काहीच निश्चित होत नाही. त्यामुळे अशा व्हिस्कीचे मूल्यमापन बरेचसे आस्वादावरच अवलंबून राहते.

संज्ञा

‘फिनिश’ हा शब्द व्हिस्कीच्या व्यवहारात दोन अर्थांनी येतो आणि त्यातून गोंधळ होतो. मुरवण्याच्या संदर्भात तो शेवटच्या पिंपातील मुक्कामाचा वाचक आहे. आस्वादाच्या संदर्भात घोट गिळल्यानंतर तोंडात रेंगाळणाऱ्या चवीलाही ‘फिनिश’च म्हणतात. या लेखात पहिल्या अर्थी ‘फिनिश’ आणि दुसऱ्या अर्थी ‘उत्तरस्वाद’ हे शब्द वापरले आहेत.

सिंगल माल्ट म्हणजे केवळ मोड आणून वाळवलेल्या बार्लीपासून, एकाच डिस्टिलरीत, तांब्याच्या भट्टीत घाण्याघाण्याने ऊर्ध्वपातन करून बनवलेली व्हिस्की. ‘सिंगल’ हा शब्द डिस्टिलरीला लागू होतो, पिंपाला नव्हे. एका बाटलीत शेकडो पिंपांतील व्हिस्की एकत्र असू शकते व बहुधा असतेच.

शेरी आणि तिची पिंपे

शेरी ही दक्षिण स्पेनमधील अंदालुसिया प्रांतातील हेरेस दे ला फ्रोंतेरा, सानलुकार दे बारामेदा आणि एल पुएर्तो दे सांता मारिया या तीन नगरांच्या परिसरातील वाइन आहे. ‘शेरी’ हे नाव हेरेस या गावाच्या जुन्या अरबी नावावरून इंग्रजीत आले. पालोमिनो या पांढऱ्या द्राक्षापासून वाइन तयार झाल्यावर तिच्यात द्राक्षाचाच मद्यार्क मिसळून ती तीव्र केली जाते. पुढे दोन वाटा फुटतात. सुमारे १५ टक्के मद्यार्क असलेल्या वाइनवर ‘फ्लोर’ नावाची यीस्टची साय धरते व तिच्याखाली फिकट, कोरडी ‘फिनो’ तयार होते. मद्यार्क १७ टक्क्यांच्या वर नेला तर साय धरत नाही, हवेच्या संपर्काने वाइन तपकिरी होत जाते आणि ‘ओलोरोसो’ बनते. पेद्रो हिमेनेस या द्राक्षाचा प्रकार अगदी वेगळा आहे. तोडलेली द्राक्षे उन्हात वाळवून मनुकांसारखी केली जातात आणि त्यांच्यापासून काकवीसारखी दाट, अतिशय गोड वाइन निघते. व्हिस्कीसाठी वापरली जाणारी पिंपे मुख्यतः ओलोरोसोची व त्याखालोखाल पेद्रो हिमेनेसची असतात. फिनोची पिंपे क्वचित दिसतात.

शेरीच्या पारंपरिक पिंपाला ‘बट’ म्हणतात व त्याची धारणक्षमता सुमारे ५०० लिटर असते. बर्बनचे पिंप सुमारे २०० लिटरचे असते. पिंप जितके लहान तितका द्रवाचा लाकडाशी संपर्क जास्त, हा सर्वसाधारण नियम. तरीही शेरीचे मोठे पिंप लहान बर्बन पिंपापेक्षा ठळक ठसा उमटवते, कारण त्याच्या लाकडात आधीच काही लिटर वाइन मुरलेली असते. शिवाय लाकूडही वेगळे असू शकते. अमेरिकन पांढऱ्या ओकमधून व्हॅनिला व खोबऱ्याची आठवण करून देणारे गंध उतरतात. उत्तर स्पेनमध्ये वाढणाऱ्या युरोपीय ओकमध्ये टॅनिनचे प्रमाण बरेच अधिक असल्याने त्यातून गडद रंग, मसाल्याची उष्णता आणि तुरटपणा येतो. ज्याला लोक ‘शेरीची चव’ म्हणतात तिचा मोठा भाग प्रत्यक्षात युरोपीय ओकची चव असतो. शेरीच्या पिंपातली एखादी व्हिस्की तुरट, मसालेदार आणि दुसरी मऊ व गोडसर का लागते, याचे उत्तर अनेकदा वाइनमध्ये नसून लाकडाच्या जातीत असते.

इतिहास

एकोणिसाव्या शतकात ब्रिटन हा शेरीचा मोठा ग्राहक होता. वाइन पिंपांतून जहाजाने येई, ब्रिटिश व्यापारी ती बाटल्यांत भरत आणि रिकामी पिंपे परत स्पेनला धाडणे परवडत नसल्याने ती स्वस्तात विकली जात. स्कॉटलंडमधील व्हिस्की उत्पादकांनी ही पिंपे घेतली ती चवीच्या शोधात नव्हे, तर सहज मिळणारे भांडे म्हणून. त्यातली व्हिस्की अधिक मधुर होते हे नंतर ध्यानात आले आणि सोय होती तिची परंपरा झाली. मॅकॅलन, ग्लेनफार्क्लास व ग्लेनड्रोनाक या डिस्टिलऱ्यांची ओळखच शेरी पिंपांवर उभी राहिली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ही साखळी तुटली. ब्रिटनमध्ये शेरीची मागणी घटली आणि १९८० च्या दशकात शेरी स्पेनमध्येच बाटलीबंद करणे बंधनकारक झाल्यावर वाहतुकीची पिंपे येणे थांबले. जुन्या थकलेल्या पिंपांत पॅक्सरेट नावाचा गोड, दाट शेरीमिश्रित अर्क दाबाने भरून त्यांना ‘ताजे’ करण्याची एक युक्ती उत्पादकांमध्ये प्रचलित होती. १९९० च्या सुमारास स्कॉच व्हिस्कीच्या नियमांमुळे तीही बंद झाली. त्यानंतर पिंपे मुद्दाम तयार करून घेण्याखेरीज पर्याय उरला नाही.

आज वापरली जाणारी बहुतेक शेरी पिंपे अशी मुद्दाम ‘भिजवलेली’ असतात. नवे पिंप बनवून, आतून भाजून त्यात हेरेस परिसरात एक ते दोन वर्षे शेरी ठेवली जाते. मग ती काढून पिंप स्कॉटलंडला किंवा अन्यत्र जाते. ही वाइन सहसा पिण्यासाठी विकली जात नाही. ती पुन्हा पिंपे भिजवायला वापरतात किंवा तिचे व्हिनेगर वा मद्यार्क करतात. म्हणजे पूर्वी वाइनसाठी पिंप होते, आता पिंपासाठी वाइन आहे. प्रत्यक्ष शेरी जिथे मुरते त्या ‘सोलेरा’ रचनेतील पिंपे अनेक दशके जुनी, लाकडाचा गुण उतरून गेलेली असतात व वाइन उत्पादक ती सहसा विकतही नाहीत. शेरीच्या तळघरातील शतकभर जुन्या पिंपाचे जे चित्र जाहिरातींत रंगवले जाते त्याचा बाजारातील बहुसंख्य बाटल्यांशी संबंध नसतो.

शेरीच्या नियामक मंडळाने २०१५ पासून ‘शेरी कास्क’ या संज्ञेसाठी प्रमाणपत्राची व्यवस्था सुरू केली. तीनुसार पिंप १,००० लिटरपेक्षा लहान असावे लागते व ते हेरेसच्या मान्यताप्राप्त उत्पादकाकडे प्रमाणित शेरीने किमान एक वर्ष भिजवलेले असावे लागते.

फिनिश पद्धतीचा उगम

शेरी पिंपांच्या टंचाईच्या याच काळात स्कॉटलंडमधील डफटाउन येथील बॅल्व्हेनी डिस्टिलरीचे प्रमुख ब्लेंडर डेव्हिड स्टुअर्ट यांनी बर्बन पिंपात मुरलेली व्हिस्की काही महिन्यांसाठी शेरी पिंपात हलवण्याचे प्रयोग केले. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी आलेली ‘बॅल्व्हेनी क्लासिक’ या पद्धतीची पहिली व्यापारी व्हिस्की मानली जाते. १९९३ मध्ये बाजारात आलेल्या ‘डबलवुड’ने ती रूढ केली. डबलवुडमधील व्हिस्की किमान १२ वर्षे बर्बनच्या पिंपांत व हॉग्सहेड म्हणवल्या जाणाऱ्या मध्यम आकाराच्या पिंपांत, मग सुमारे नऊ महिने ओलोरोसोच्या युरोपीय ओक पिंपांत आणि अखेरीस तीन-चार महिने मोठ्या लाकडी पात्रांत राहते. शेवटचा टप्पा निरनिराळ्या पिंपांतील व्हिस्की एकजीव व्हावी म्हणून असतो. १९९० च्या दशकात ग्लेनमोरेंजी डिस्टिलरीने पोर्ट, मदेइरा व शेरी अशा अनेक पिंपांत फिनिश करून या प्रकाराला बाजारपेठ मिळवून दिली.

या पद्धतीचे अर्थकारण सरळ आहे. अमेरिकन कायद्यानुसार बर्बन नव्या, आतून जाळलेल्या ओकच्या पात्रातच मुरवावी लागते. त्यामुळे एकदा वापरलेली पिंपे मोठ्या संख्येने व स्वस्तात उपलब्ध होतात. शेरीने भिजवलेल्या बटची किंमत तिच्या अनेक पट असते. ते पिंप बारा वर्षे एकाच व्हिस्कीने अडवून ठेवण्याऐवजी नऊ-नऊ महिन्यांनी रिकामे करून पुन्हा भरता येते, म्हणजे त्याचा खर्च कितीतरी अधिक बाटल्यांवर विभागला जातो. प्रत्येक भरणीत पिंपाचा गुण उतरत जातो, हे मात्र ओघानेच आले. पहिल्या भरणीतील पिंप आणि चौथ्या भरणीतील पिंप यांना लेबलावर एकच नाव असू शकते.

लेबल काय सांगते

स्कॉच व्हिस्की नियमावली, २००९ अन्वये स्कॉच व्हिस्की ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओक पिंपात, स्कॉटलंडमध्येच, किमान तीन वर्षे मुरवलेली आणि किमान ४० टक्के मद्यार्काची असावी लागते. पाणी व साधे कॅरमेल रंगद्रव्य यांखेरीज तिच्यात काही मिसळता येत नाही. बाटलीवर वय लिहिले असेल तर ते तिच्यातील सर्वांत तरुण व्हिस्कीचे असते आणि फिनिशचा काळही त्यात धरलेला असतो. फिनिश किती काळ असावा याचे बंधन नियमावलीत नाही. सहा महिन्यांनाही फिनिश म्हणता येते, तीन वर्षांनाही.

शब्दयोजना बारकाईने वाचण्यासारखी असते. ‘शेरी पिंपात मुरवलेली’ आणि ‘शेरी पिंपात फिनिश केलेली’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘डबल कास्क’ हा शब्द त्याहून संदिग्ध आहे. अॅबरलाउर डिस्टिलरीच्या १२ वर्षांच्या डबल कास्क व्हिस्कीत काही पिंपे आरंभापासून बर्बनची व काही आरंभापासून शेरीची असून शेवटी दोन्ही एकत्र केली जातात. टॅमनाव्हुलिनच्या डबल कास्कमध्ये बर्बनच्या पिंपांनंतर शेरीचे फिनिश असते. ग्लेनफिडिकची १५ वर्षांची ‘सोलेरा’ तिसऱ्याच प्रकारची आहे. तिच्यात शेरी, बर्बन व नव्या ओकमधील व्हिस्की एका मोठ्या लाकडी हौदात एकत्र करतात आणि तो हौद कधीही निम्म्याहून अधिक रिकामा होऊ देत नाहीत. शेरीकडून येथे घेतली आहे ती मुख्यतः मिसळण्याची रीत.

रंगावर विसंबणे सर्वांत धोक्याचे. कॅरमेलची परवानगी असल्याने तांबूस झाक शेरी पिंपाचीच असेल असे नाही. जर्मनीत विकल्या जाणाऱ्या बाटल्यांवर रंगद्रव्याचा उल्लेख करावा लागतो, म्हणून अनेक चोखंदळ ग्राहक इतर देशांत राहूनही जर्मन लेबलाची छायाचित्रे पाहतात. ‘नैसर्गिक रंग’ असे उत्पादकाने स्वतःहून छापले असेल तर ते अर्थपूर्ण असते. मौन बहुधा कॅरमेलच्या बाजूचे असते.

आस्वाद

व्हिस्कीचे ब्लेंडर ज्या लहान, ट्यूलिपच्या फुलासारख्या पेल्यातून वास घेत आले आहेत तो ‘कोपिता’ मुळात शेरीचाच पेला आहे. २००१ मध्ये आलेला ग्लेनकेर्न पेलाही त्याच आकाराचा, पण आखूड व जाड बुडाचा आहे. तोंडाशी निमुळता होणारा पेला गंध एकवटतो; रुंद तोंडाच्या पेल्यात शेरी पिंपाचे सूक्ष्म गंध हरवतात आणि मद्यार्काची तिखट झार तेवढी वर येते. घरी अशा पेल्याऐवजी लहानसा वाइनचा पेलाही चालतो. बर्फ घातल्यास गंध दबतो व टॅनिनचा तुरटपणा पुढे येतो, म्हणून मूल्यमापनाच्या वेळी तो टाळतात. २० ते २५ मिलिलिटर एवढे प्रमाण पुरते. ४० टक्क्यांच्या २५ मिलिलिटर व्हिस्कीत १० मिलिलिटर शुद्ध मद्यार्क असतो.

शेरी फिनिश व्हिस्की चाखताना खरा प्रश्न ‘शेरी लागते का’ हा नसून ‘शेरी आणि मूळ व्हिस्की एकमेकींत मिसळल्या आहेत का’ हा असतो. चांगल्या फिनिशमध्ये वास, चव आणि उत्तरस्वाद यांतून एकच धागा जातो. घाईने केलेल्या फिनिशमध्ये वासाला मनुका व गूळ भरपूर येतात, जिभेवर पहिल्या क्षणी गोडवा जाणवतो आणि मग तळाशी कोवळी, धान्याचा व कच्च्या नासपतीचा वास असलेली व्हिस्की उघडी पडते. जणू भिंतीला ओल असताना वरून रंगाचा हात दिला आहे. स्वस्त बाटल्यांत हे वारंवार आढळते, आणि म्हणूनच त्यांपैकी जी बाटली या कसोटीला उतरते तिचे मोल किमतीपेक्षा अधिक ठरते.

वास घेताना पेला नाकाशी हळूहळू आणतात व तोंड किंचित उघडे ठेवतात. त्याने मद्यार्काचा झोत थेट नाकात जात नाही. ओलोरोसो पिंपाचे गंध साधारणपणे सुक्या मेव्याच्या कुळातले असतात: काळ्या मनुका, खजूर, अक्रोड, बदामाची साल, संत्र्याची वाळलेली साल, जायफळ. पेद्रो हिमेनेसचे गंध अधिक दाट व गोड असतात. त्यांत अंजीर, काकवी, कॉफी आणि कधी काळ्या गुळाची आठवण येते. इंग्रजी वर्णनांत या समूहाला सरसकट ‘ख्रिसमस केक’ म्हटले जाते. मुंबई, वसई व गोव्यातील ख्रिस्ती घरांत नाताळासाठी रममध्ये भिजवलेल्या सुक्या मेव्याचा केक ज्यांनी खाल्ला आहे त्यांना हे वर्णन तत्काळ पटते, इतरांना मनुका-बेदाणे घातलेल्या गरम शिऱ्याचा वास अधिक जवळचा वाटेल. गंधांचे वर्गीकरण करण्यासाठी स्कॉटलंडमधील पेंटलंड्स संशोधन संस्थेने १९७९ मध्ये बनवलेले ‘गंधचक्र’ आजच्या बहुतेक शब्दावलींच्या मुळाशी आहे. पण चक्रातील शब्द पाठ असण्यापेक्षा स्वतःच्या स्वयंपाकघरातील डबे आठवणे अधिक उपयोगी पडते.

एक गंध विशेष ओळखण्यासारखा आहे. विझलेल्या काडेपेटीच्या काडीचा, फटाक्यांच्या धुराचा किंवा जळलेल्या रबराचा वास आला तर तो गंधकाचा असतो. रिकाम्या पिंपात बुरशी वा आंबूसपणा येऊ नये म्हणून त्यात गंधकाची वडी जाळण्याची प्रथा आहे व तिचा अवशेष व्हिस्कीत उतरू शकतो. ऊर्ध्वपातनातूनही काही गंधकयुक्त संयुगे येतात. अल्प प्रमाणात हा गंध मांसल खोली देतो असे काहींचे मत आहे, तर काहींना तो असह्य वाटतो. काही लोकांना तो मुळी जाणवतच नाही. शेरी पिंपातील एकाच व्हिस्कीविषयी दोन जाणकारांची मते टोकाची असण्यामागे अनेकदा हेच कारण असते.

पहिला घोट लहान घेऊन तो जिभेवरून फिरवतात, कारण त्या घोटाने तोंडाला मद्यार्काची सवय होते. मत दुसऱ्या घोटावर बनवावे. येथे गोडवा आणि तुरटपणा यांचे प्रमाण पाहिले जाते. व्हिस्कीत साखर नगण्य असते, गोडवा मुख्यतः गंधाच्या सूचनेतून भासतो. तुरटपणा मात्र खरा असतो. अर्धकच्चे जांभूळ वा हिरडा खाल्ल्यावर जीभ जशी आखडते, हिरड्या कोरड्या पडतात, तशी संवेदना युरोपीय ओकच्या ताज्या पिंपातून येते. थोडा तुरटपणा गोडव्याला आधार देतो. तो फार झाला की लाकूड व्हिस्कीवर चढले असे म्हणतात. घोट गिळल्यावर नाकाने श्वास सोडला की उत्तरस्वाद उमगतो. स्वस्त फिनिशची कसोटी येथेच लागते: मनुका विरून गेल्यावर मागे लाकूड-मसाला राहतो की नुसती जळजळ?

त्यानंतर पाण्याचे काही थेंब घालतात. ब्लेंडर व्हिस्कीत साधारण तेवढेच पाणी मिसळून, मद्यार्क २० टक्क्यांच्या आसपास आणून वास घेतात, कारण त्या पातळीला दोष लपत नाहीत. पिण्यासाठी इतके पाणी आवश्यक नाही. ४० टक्क्यांच्या बाटलीत कारखान्यातच पुरेसे पाणी मिसळलेले असते व अधिक पाण्याने तिचा पोत पातळ होतो. ४६ टक्के वा अधिक मद्यार्काच्या बाटल्यांना मात्र पाणी मानवते. या आकड्याला आणखी एक अर्थ आहे. कमी मद्यार्काची व्हिस्की थंडीत गढूळ होते. ते टाळण्यासाठी तिला थंड करून गाळले जाते आणि त्यात काही स्निग्ध घटक निघून जातात. ४६ टक्क्यांना हा गढूळपणा सहसा येत नसल्याने अनेक उत्पादक तेथे गाळणी टाळतात व तसे लेबलावर लिहितात. शेरी फिनिशच्या दोन सारख्या किमतीच्या बाटल्यांत निवड करायची असेल तर वयाच्या आकड्यापेक्षा हा आकडा आधी पाहावा, असे अनेक जाणकारांचे मत आहे.

फिनिशने नेमके काय घडते हे समजण्यासाठी तुलनात्मक आस्वाद सर्वांत उपयुक्त. ग्लेनमोरेंजीची मूळ व्हिस्की दीर्घकाळ १० वर्षे बर्बन पिंपात मुरवून विकली जात असे आणि तीच पुढे दोन वर्षे शेरी पिंपांत ठेवली की १२ वर्षांची ‘लसांटा’ होई. दोन्ही पेले शेजारी ठेवल्यास संत्रे, व्हॅनिला व मध हे पहिल्या पेल्याचे सूर दुसऱ्यातही ओळखू येतात, फक्त त्यांच्यावर मनुका, भाजलेले हेझलनट व दालचिनी यांचा थर चढलेला असतो.

किफायतशीर उदाहरण: टॅमनाव्हुलिन

स्कॉटलंडच्या स्पेसाइड भागात लिव्हेट नदीकाठी १९६६ मध्ये उभारलेली टॅमनाव्हुलिन डिस्टिलरी प्रामुख्याने ब्लेंडेड व्हिस्कीसाठी माल पुरवत असे. गेलिक भाषेतील तिच्या नावाचा अर्थ ‘टेकडीवरची गिरणी’ असा सांगितला जातो. १९९५ मध्ये ती बंद पडली. २००७ मध्ये भारतातील विजय मल्ल्या यांच्या यूबी समूहाने तिची मालक कंपनी व्हाइट अँड मॅके विकत घेतली आणि त्याच वर्षी डिस्टिलरी पुन्हा सुरू झाली. पुढे २०१४ मध्ये ही कंपनी फिलिपाइन्सच्या एम्पेराडोर समूहाकडे गेली.

डिस्टिलरीच्या पन्नाशीला, २०१६ मध्ये, ‘डबल कास्क’ बाजारात आली: अमेरिकन ओक पिंपात मुरलेली, शेरी पिंपात फिनिश केलेली, ४० टक्के मद्यार्काची आणि वयाचा उल्लेख नसलेली. ब्रिटनमधील सुपरमार्केटांत ती ३० पौंडांच्या आत-बाहेर व सवलतीच्या दिवसांत बरीच खाली मिळते. शेरी पिंपातच पूर्णपणे मुरलेल्या मॅकॅलनच्या १२ वर्षांच्या बाटलीला त्याच्या दोन-तीन पट मोजावे लागतात. तिच्या वासात सफरचंद, टॉफी, मध व संत्र्याचा मार्मालेड, तर चवीत नासपती, पीच, साय व तपकिरी साखर यांचा उल्लेख सामान्यतः केला जातो. शेरीचा हात हलका आहे आणि उत्तरस्वाद आखूड. मॅकॅलनची जागा ती घेऊ शकत नाही, पण मूळ व्हिस्की फळांच्या गंधाची व सौम्य असल्याने थोड्या काळाचे फिनिश तिला पेलते, ही तिची जमेची बाजू. एल्गिन गावातील ग्लेन मोरे डिस्टिलरीची ओलोरोसो फिनिश व्हिस्कीही याच किमतीच्या वर्गातील आहे.

भारतातील स्थिती

उष्ण हवामानात पिंपातील देवाणघेवाण झपाट्याने होते. स्कॉटलंडमध्ये पिंपातून वर्षाला सुमारे २ टक्के व्हिस्की उडून जाते, तर भारतात हे प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास असते. त्यामुळे बारा वर्षांची भारतीय व्हिस्की जवळजवळ अशक्य, पण शेरी पिंपाचा परिणाम थोड्या काळात खोलवर उतरतो. बंगळूरच्या अमृत डिस्टिलरीने २०१० मध्ये आणलेल्या ‘इंटरमीडिएट शेरी’मध्ये व्हिस्की बर्बन पिंपातून शेरी पिंपात आणि तेथून पुन्हा बर्बन पिंपात हलवली जाते. शेरीचा थर अखेरीस न देता मध्ये देण्याची ही कल्पना फिनिशच्या रूढ क्रमालाच उलटे करते. गोव्यातील कुंकळ्ळी येथे बनणाऱ्या पॉल जॉन व्हिस्कीच्या ओलोरोसो व पेद्रो हिमेनेस पिंपांतील मर्यादित आवृत्त्या निघाल्या आहेत. हरयाणातील इंद्री येथील डिस्टिलरीने २०२१ मध्ये आणलेली ‘इंद्री त्रिनी’ बर्बन, फ्रेंच वाइन व पेद्रो हिमेनेस शेरी अशा तीन पिंपांतील व्हिस्कीचा मेळ आहे. काटेकोर अर्थाने तिला शेरी फिनिश म्हणता येणार नाही, परंतु ४६ टक्के मद्यार्क आणि आयात स्कॉचच्या तुलनेत कमी किंमत यांमुळे शेरी पिंपाची ओळख करून घेणाऱ्या भारतीय ग्राहकांच्या हाती बहुधा प्रथम हीच बाटली येते.

ब्रिटनमधील स्वस्त बाटली भारतात स्वस्त राहत नाही, याला कारण करांची उतरंड. आयात व्हिस्कीवर दीर्घकाळ १५० टक्के सीमाशुल्क होते व त्यावर प्रत्येक राज्याचे उत्पादन शुल्क निराळे. महाराष्ट्राने आयात स्कॉचवरील उत्पादन शुल्क नोव्हेंबर २०२१ मध्ये ३०० टक्क्यांवरून १५० टक्के केले. २४ जुलै २०२५ रोजी स्वाक्षरी झालेल्या भारत-ब्रिटन व्यापार करारात स्कॉचवरील सीमाशुल्क प्रथम ७५ टक्के व दहाव्या वर्षापर्यंत ४० टक्के करण्याची तरतूद आहे. महाराष्ट्रात व्हिस्कीसारख्या तीव्र मद्याच्या सेवनासाठी वयाची किमान मर्यादा २५ वर्षे असून महाराष्ट्र मद्यनिषेध अधिनियम, १९४९ अन्वये त्यासाठी परवाना आवश्यक आहे.